आवळीचं धुवण

जामखेडहून आलेलं कार्ड चार दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. रीतीप्रमाणे त्याचा एक कोपरा फाडलेला आहे. भामामावशींच्या भाचीने लिहिलंय. अक्षर शाळकरी, मजकूर तीन ओळींचा. आत्या गेल्या सोमवारी वारली. त्रास झाला नाही. तुमचं नाव काढायची, म्हणून कळवलं.

रोज उत्तर लिहायला बसतो आणि कागद तसाच ठेवून उठतो. माझं आयुष्य पुस्तकांच्या कपाटांमधून गेलं. सांत्वनाची वाक्यं मला शोधावी लागत नाहीत. पण त्यांतलं एकही वाक्य भामामावशींच्या मापाचं निघत नाही. म्हणून उत्तराआधी हे लिहून काढतो आहे. सावकाश लिहिणार आहे. घाई त्यांना आवडत नसे.

मी तेव्हा नगरला होतो. सीना नदीच्या काठाला एक सार्वजनिक बाग होती आणि बागेच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं मोफत वाचनालय. ग्रंथपाल मी, कारकून मी आणि शिपाईही मीच. सकाळी दारं उघडायला जावं तर माझ्याआधी बागेत एकच माणूस असायचं. लहानखुरी बांधणी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं नऊवारी, कमरेला विळा आणि हातात खराटा. वय चाळिशीच्या आसपास असेल. त्यांना स्वतःलाही ते नक्की माहीत नव्हतं.

हजेरीपटावर भामामावशी माळी नव्हत्या, बिगारी होत्या. म्हणजे झाडलोट करायची, पाला गोळा करायचा, सांगतील तिथे पाणी धरायचं. हेडमाळी शंकरराव म्हणून होते. चांगले होते. पण एखादं झाड रुसलं की शंकररावही खराट्याच्या आवाजाचा माग काढत मावशींपर्यंत यायचे आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून विचारायचे, "बाई, काय झालं असंल ह्याला?" मावशी वाकून मातीची चिमूट उचलायच्या, जिभेच्या टोकाला लावायच्या आणि थुंकायच्या. मग निदान. "खारी झालीय." किंवा, "माती बरी हाय. मुळाला कायतरी लागलंय, उकरून बघा." शंकरराव मोठ्या आवाजात तेच दुसऱ्या बिगाऱ्याला सांगायचे, जणू आत्ताच त्यांच्या डोक्यात आलं. मावशी तोवर पुढच्या वाफ्यापर्यंत पोचलेल्या असत.

मला त्या 'मास्तर' म्हणत. मी मास्तर नव्हतो, पण ज्याच्याजवळ एवढी पुस्तकं तो मास्तर, असा त्यांचा हिशेब. दुपारच्या सुटीत त्या वाचनालयाच्या पायरीवर भाकरी सोडून बसायच्या. आत कधी आल्या नाहीत. पायाला चिखल हाय, म्हणायच्या. उन्हाळ्यात चिखल नसायचा, तेव्हाही हेच कारण. भाकरी संपली की एकच प्रश्न: "पेपरात पावसाचं काय दिलंय?" मी वाचून दाखवायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि नदीपलीकडच्या आभाळाकडे पाहून पेपरवाल्यांबद्दल एखादा शेरा मारायच्या. बहुतेक वेळा पेपर चुकायचा.

बागेचं वर्ष सणांनी चालायचं. नागपंचमीला कडुनिंबांवर झोके चढायचे, आणि कोणती फांदी किती बायका पेलेल हे मावशी दोर बांधण्याआधी स्वतः लोंबकळून पाहायच्या. भाद्रपदात पत्रीला माणसं यायची. आश्विनात मधल्या हिरवळीवर पाटावर हत्ती काढून मुली हादग्याचा फेर धरायच्या. दसऱ्याला आपटा. कार्तिकात आवळीभोजन. संक्रांतीला बायकांची हळदीकुंकवं, चैत्रात पन्हं आणि डाळ. लोकांच्या दृष्टीने हे सण होते. मावशींच्या दृष्टीने प्रत्येक सण म्हणजे कुठल्या तरी झाडावर आलेली धाड होती. दसऱ्याला आपटा ओरबाडला जाई, गणपतीत दूर्वांचा गालिचा उपटला जाई. त्यावर त्यांनी एक तोड काढली होती. सणाच्या दिवशी उजाडायच्या आत स्वतःच, झाडाला सोसेल तेवढा पाला, सोसेल तिथून, विळ्याने कापायचा आणि फाटकाशी टोपल्या भरून ठेवायच्या. फाटकात स्वतः बसायचं. आलेल्याला ओंजळभर द्यायचं. "आत झाड हाय तसंच हाय, पर पान हितं ताजं हाय." माणूस टोपलीतलं घेऊन तिथूनच मागे वळायचा. तोडायची हौस असलेला एखादा आत शिरलाच तर त्या त्याच्यामागून नुसत्या चालायच्या.  दहा पावलांत तो परत फिरायचा.

एका गणेशचतुर्थीचं आठवतं. एक निवृत्त हेडमास्तर एकवीस पत्रींची यादी घेऊन आले. करड्या स्वभावाचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. एकेक नाव वाचत होते आणि मावशी टोपल्यांतून एकेक पान काढून देत होत्या. एकोणीस झाली. दोन नावं अशी होती की ती पानं बागेत नव्हती, नदीकाठी नव्हती, माझ्या मते जिल्ह्यातही नसावीत. मावशी क्षणभरही थांबल्या नाहीत. दोन निरनिराळ्या टोपल्यांतून दोन पानं काढून त्यांनी इतक्या अदबीने हेडमास्तरांच्या हातात ठेवली की त्यांनी यादीवर दोन खुणा केल्या आणि समाधानाने गेले. मी पायरीवरून पाहत होतो. ते गेल्यावर मी नुसतं मावशींकडे पाहिलं.

"देवाला पान कळतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "नाव आपल्याला लागतं."

पुढे जे घडलं त्याची ही सुरुवात होती असं आज वाटतं.

आवळीचं झाड वाचनालयाच्या समोर, नदीच्या बाजूला होतं. मध्यम वाढीचं, पसरट. कार्तिकात नवमीपासून पौर्णिमेपर्यंत तिच्याखाली पंगती बसत. बागेमागच्या आळीतली घरं तर यायचीच, पण माळीवाड्यापासूनही माणसं डबे घेऊन यायची. मसालेभात, पिठलं, भाकरी, आणि पानात आवळ्याची एक फोड. कोणाचा डबा कोणाच्या पानात रिकामा होतोय याची चौकशी त्या आठवड्यात कोणी करत नसे. मावशी मात्र पंगतीत बसायच्या नाहीत. पत्रावळी उचलायच्या, हात धुवायला पाणी घालायच्या. आणि हात अमक्याच जागी धुवायचे म्हणून सगळ्यांना हुकूम सोडायच्या.

बागेतली एवढी झाडं सोडून त्यांचा जीव आवळीवर का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही भाकरी खाताना, दुसऱ्याचं सांगावं तसं. जामखेडकडून ऊसतोडीला श्रीगोंद्याच्या बाजूला आलेली नवराबायको. नवरा तापाने फणफणला, नगरच्या दवाखान्यात आणला, तिथेच गेला. बाईला शहरात कोणी ओळखीचं नाही, गावी जायचं तर घरी वाट पाहणारं कोणी नाही. बाई बागेत येऊन आवळीखाली बसली. तीन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिथे पंगत मांडायला माणसं आली. त्यांनी तिला उठवलं नाही. पानं मांडता मांडता एक पान तिच्यापुढेही पडलं. कोण, कुठली, कोणी विचारलं नाही. जेवण झाल्यावर बाईने आपणहून सगळ्यांच्या पत्रावळी उचलल्या, खालची जागा झाडून काढली. शंकररावांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात खराटा दिला.

"म्हणून म्या तिच्याखाली पंगतीला बसत न्हाई," मावशी म्हणाल्या. "माजं जेवन झालंय."

मग बहात्तर साल आलं. त्या सालाविषयी नगर जिल्ह्यात कोणाला काही सांगायला नको. पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत सीनेच्या पात्रात वाळू तेवढी उरली आणि वाळूत माणसांनी खणलेले झिरे. बागेतल्या विहिरीवर आळीतल्या बायकांची रांग लागली. बागेचं पाणी बंद करायचा हुकूम आला तेव्हा शंकरराव हळहळले. मावशी म्हणाल्या, बरोबर हाय, मान्सं प्यायची का गवत? शंकररावांना दुष्काळी कामावर पाठवलं. इतर बिगारी खडी फोडायला गेले. बाग झाडायला म्हणून मावशी एकट्या उरल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी बाग एका क्रमाने मरू दिली. आधी हिरवळ, मग कर्दळी, मग गुलाब. रोज सकाळी एकेका वाफ्यापाशी थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि पुढे जायच्या. पेपरातला पाऊस विचारणं त्यांनी बंद केलं. कडुनिंबाची आणि वडाची त्यांना चिंता नव्हती. ती खालचं पाणी शोधतात. चिंता आवळीची. मी म्हटलं, आवळा तर माळरानावरसुद्धा तगतो. त्यांनी मान हलवली.

"रानातला तगतो. ही शहरात वाढल्याली. रोज आयतं पानी मिळालं, तर मुळं खाली कशाला जातील? हिला तहान सोसायची सवयच न्हाई."

विहिरीवर स्वतः रांगेत उभं राहून मिळालेली घागर त्या आवळीला घालू शकल्या असत्या. आपल्या वाट्याचं पाणी होतं, कोणी हटकलं नसतं. एक दिवस घागर घेऊन आवळीपर्यंत आल्याही. मागे रांगेतल्या बायका पाहत होत्या. मावशींनी घागर तशीच उचलली, परत नेली आणि रांगेच्या टोकाला असलेल्या एका गरोदर बाईच्या हंड्यात ओतली. त्यानंतर विहिरीच्या पाण्याचा विचार त्यांनी सोडला.

पण घराघरांत भाजी, डाळ, तांदूळ धुतलेलं पाणी तर असतंच. त्याला आमच्याकडे धुवण म्हणतात. ते मोरीत जात होतं. मावशी आळीत दारोदार जाऊन सांगून आल्या: धुवण टाकू नका, झाडाला आणून घाला. दोन दिवस पाच-सात तांबे आले. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी कोणी नाही. उन्हातान्हातून तांबाभर गढूळ पाणी घेऊन बागेपर्यंत कोण येणार? लोक वाईट नव्हते, दमलेले होते. चैत्र लागला होता आणि आवळीच्या काड्या हाताने मोडल्या तर कडकन मोडत होत्या.

मागच्या आळीत उषावहिनी राहायच्या. पोस्टातल्या एका कारकुनाची बायको, विशीतली, चार वर्षांची मंगल कडेवर घेऊन वाचनालयात पुस्तक बदलायला येणारी. एका शुक्रवारी त्या पुस्तक घेऊन निघाल्या तेव्हा मावशी पायरीवर होत्या. मी आत नोंदी करत होतो आणि दारातून मला सगळं ऐकू येत होतं. मावशी इकडचं तिकडचं बोलल्या. मंगलला हसवलं. मग अगदी सहज, विळ्याने काडी तासत म्हणाल्या, "आमच्याकडं, जामखेडाकडं, आवळीमायचं व्रत असतंय बगा, वहिनी. चैतात धरायचं. रोज धुवण घालायचं तिला. लेकराबाळाला लई चांगलं."

माझं लिहिणं थांबलं. वहिनींनी मंगलला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग त्यांनी विचारलं, "नेम काय असतात त्याचे?"

नेम मावशींच्या जिभेवर तयार होते. उष्टं चालत नाही. खारं चालत नाही. साबणाचं तर मुळीच नाही. खोडावर घालायचं नाही. नदीतले गोटे आणून त्यांनी फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेने रिंगण केलं होतं. त्या रिंगणावर फिरत फिरत घालायचं. ऐकणाऱ्याला हे सोवळं वाटावं, पण त्यातला प्रत्येक नेम झाडाच्या मुळाचा होता.

आठवड्याभरात संध्याकाळी बागेत बायकांची वर्दळ सुरू झाली. पितळी तांबे, लोटे, एकीकडे तर देवपूजेतली झारी. रिंगणावरून एकामागे एक फिरत, धार सोडत. त्या बायकांना हे व्रत कुठून आलं हे विचारलं तर प्रत्येकीने निराळं नाव सांगितलं असतं. एकीने कोकणातलं आहे म्हणून मला छातीठोकपणे सांगितलं. मग वाचनालयात चौकशा सुरू झाल्या. आवळीमायची पोथी आहे का? कहाणी कुठल्या पुस्तकात मिळेल? मी आयुष्यात खोटं फार थोडं बोललो आहे. मी म्हणायचो, "आमच्याकडे त्या पोथीची प्रत नाही." यात काही खोटं नव्हतं. पायरीवर बसलेल्या मावशी पदर तोंडाला लावून खोकायच्या.

वैशाखात मंगलला विषमज्वर झाला. एकवीस दिवस पोर अंथरुणाला खिळलेली. वहिनी त्या दिवसांतही यायच्या, तांब्या घेऊन, कोणाशी न बोलता, रिंगणाच्या फेऱ्या वाढवून. मावशी त्यांना येताना पाहून वडाच्या मागे जायच्या. मंगल उठली तेव्हा वहिनींनी तिला आणून आवळीपुढे डोकं टेकायला लावलं. आळीभर झालं: पोरगी आवळीच्या पाण्यावर वाचली.

आवळीही वाचली. तिला बारीक पालवी फुटली होती.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि भरपूर आला. शंकरराव परतले, हिरवळ पुन्हा धरली. आणि बायका येतच राहिल्या. व्रत वर्षाचं असतं, मधेच कसं सोडायचं? घरोघरी आता पाणी मुबलक होतं. तांब्याच्या जागी कळशी आली. धुवणाबरोबर दूध आलं, नारळाचं पाणी आलं, हळदकुंकू आलं. रिंगण मागे पडलं. एवढं पावलेल्या देवाला लांबून पाणी घालणं कोणाला बरं वाटेना. सगळं खोडाशी. आधीच काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरत नव्हतं. मावशींनी पाणी निघून जावं म्हणून एक चरी खणली. कोणा टवाळाने देवीपाशी खड्डा केला असं समजून बायकांनी ती बुजवली आणि वर रांगोळी काढली. मावशींनी पुन्हा खणली. पुन्हा बुजवली गेली, या वेळी दगड घालून.

"आता पुरे झालं, आवळीमायची तहान भागली," असं त्यांनी सांगूनही पाहिलं. बायका दुखावल्या. एक वयस्क काकू म्हणाल्या, भामे, पाऊस पडल्यावर देवाला विसरायचं असतं का?

भाद्रपदाच्या शेवटी मावशी दुपारी पायरीवर आल्या. भाकरी सोडली नाही.

"मास्तर, आवळी मरतीय."

"पावसाने?"

"पावसानं कुठं. माज्या खोट्यानं." त्यांनी हाताची मूठ उघडून दाखवली. बुंध्याजवळची माती होती, काळी, आंबूस वासाची. "दुष्काळात जगवली आन् आता बुडवून मारायला लागले."

मग त्या म्हणाल्या की उद्या उषावहिनी आल्या की सांगून टाकते. असलं काही व्रत नाही, मी रचलंय. वहिनींचं ऐकून बाकीच्याही थांबतील.

मी सहसा सल्ला देत नाही. पण विचारलं, "आणि मंगल? तिची आई काय समजेल?"

"पोरगी काय परत आजारी पडनार हाय का त्यानं?"

"नाही. पण पुढे कधी तिचं डोकं जरी दुखलं, तरी त्यांना हेच आठवेल."

मावशी बराच वेळ टाचेवरचा वाळका चिखल खरवडत बसल्या. सुटी संपली तशा उठून गेल्या. त्या दुपारी बागेत खराट्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढत होतो तेव्हा त्या आधीच पायरीवर होत्या.

"व्रत मोडता येत न्हाई, मास्तर. पर पुरं करता येतंय की. बाया उद्यापन न्हाई का करत?"

आता त्या आदल्या दिवशीच्या मावशी नव्हत्या. सगळं ठरलेलं होतं. उद्यापन कार्तिकात, आवळीभोजनाच्या दिवशी. तोवर धुवण खोडाशी घातलं तर व्रताला बाध, असा जुन्याच नेमाला नवा धाक. आणि उद्यापनाला प्रत्येकीने आवळीची एक लेक घरी न्यायची. पुढचं पाणी तिला. या लेकी मला ठाऊक होत्या. आषाढात, झाड पुरतं सावरेल की नाही याची खात्री नसताना, मावशींनी मागल्या वर्षीच्या बिया डालड्याच्या डब्यांत पेरल्या होत्या. वाचनालयाच्या मागच्या भिंतीशी ते डबे ओळीने उभे होते, रोपं वितीएवढी झाली होती.

"पर व्रत पुरं झालं हे मी सांगून ऐकनार न्हाईत. कागदावर पायजे. तुमी कहानी लिवा."

मी नाही म्हणालो. ग्रंथपालाने खोटी पोथी लिहावी हे मला जमण्यासारखं नव्हतं. मावशींनी वाद घातला नाही. आवळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संध्याकाळी मी फुलस्केपचा एक कागद काढला. त्या पायरीवरून सांगत गेल्या, मी आत बसून लिहीत गेलो. मी ओघात दोन परिच्छेद नगरीच्या वर्णनाचे घातले होते, ते त्यांनी काढायला लावले. एवढं कोन ऐकतंय, म्हणाल्या, तिकडं जेवन निवतंय. शेवटी कहाणी पाऊण पानाची झाली. तिच्यात आवळीमाय एका बाईच्या स्वप्नात येते आणि म्हणते, "माझी तहान भागली. आता मला घालशील तर मी बुडेन. माझ्या लेकरांना घाल." कहाणीत एवढं एक वाक्य खरं होतं.

कार्तिकातल्या नवमीला आवळीखाली पंगत मांडली. झाड अर्धं पिवळं होतं, पण नव्या धाकाने खोडाशी पाणी थांबलं होतं आणि मोजके का होईना आवळे धरले होते. कहाणी मी वाचू नये असं ठरलं; उषावहिनींनी वाचली. त्यांचा आवाज चांगला होता. वाचताना एकदा त्या थांबल्या आणि कागद जरा लांब धरून त्यांनी अक्षराकडे पाहिलं. वाचनालयाच्या नोंदवहीतलं माझं अक्षर त्या दर आठवड्याला पाहत होत्या. मी पायांच्या बोटांकडे पाहू लागलो. त्या पुढे वाचत गेल्या.

मग पहिलं पान कोणाला, हा प्रश्न आला. उद्यापनाला सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. दोन-तीन नावं पुढे आली. वहिनी म्हणाल्या, "व्रत ज्यांनी सांगितलं त्यांना."

 पावसाळ्यात मावशींना बोललेल्या त्याच वयस्क काकूंनी हळू आवाजात काहीतरी म्हटलं. वाईट म्हणाल्या नसतील, रीत काय ती सांगितली असेल. मावशी हातातली पाण्याची बादली खाली ठेवत म्हणाल्या की काकू बरोबर बोलतात, मला कुंकू चालत नाही, वहिनी, तुम्ही आपल्या बसून घ्या.

वहिनींनी कुंकवाचा करंडा घेतला, आवळीच्या खोडाला एक बोट लावलं आणि झाकण बंद करून ठेवून दिला. मग एक पान उचलून त्यांनी ते मावशींपुढे मांडलं, अगदी बुंध्याला लागून. मावशी उभ्याच होत्या. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या आणि हलकेच बोलल्या. मी दोन हातांवर पत्रावळी घेऊन उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"माझं आजोळ जामखेडचंच आहे, मावशी. तिकडे असलं काही व्रत नाही."

मावशींचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"मंग पहिल्या दिशीच का न्हाई बोलला?"

"तुम्ही पाणी मागत होतात. त्यात काय बोलायचं?" वहिनींनी मांडलेलं पान उगाचच सरळ केलं. "आधी मी तुमच्यासाठीच घालत होते. मंगल आजारी पडली, मग मला खरं वाटायला लागलं. आता बसा. जेवण निवतंय."

मावशी बसल्या. मंगल त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि आपल्या पानातली आवळ्याची फोड तिने त्यांच्या पानात टाकली, कारण तिला ती आंबट लागली होती. मावशी जेवल्या. खाली मान घालून, सगळं पान स्वच्छ करून जेवल्या. जेवण झाल्यावर सवयीने पत्रावळ्या उचलायला उठल्या, तर वहिनींनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं आणि त्यांची पत्रावळ स्वतः उचलली.

निघताना प्रत्येक बाईने एकेक डबा नेला. कोणत्या डब्यातलं रोप जरा अशक्त आहे हे मावशींना ठाऊक होतं. ती रोपं त्यांनी अशा घरांत दिली जिथे बाई टापटिपीची आहे.

दीड वर्षाने माझी दुसरीकडे नेमणूक झाली. मी गेलो त्या दुसऱ्या गावच्या वाचनालयात, पुढे एकदा एका बाईंनी आवळीमायच्या उद्यापनाची कहाणी कुठे छापलेली मिळेल का म्हणून विचारलं. नगरच्या माहेरवाशिणीने सांगितलं म्हणे. आमच्याकडे प्रत नाही, असंच मी म्हणालो.

नगर सोडलं त्या दिवशी टांग्यात ट्रंक चढवून मी बागेशी थांबलो होतो. संध्याकाळ होत आली होती. मावशींना सांगून निघावं म्हणून फाटकापर्यंत गेलो तर आत आवळीपाशी एक नवी सून उभी होती. आळीत त्याच वर्षी लग्न होऊन आलेली असणार. तिला उद्यापनाचं काही ठाऊक नव्हतं, तिने नुसतं ऐकलं होतं. हातात तांब्या, डोक्यावरून पदर, पाणी कुठे घालावं याचा अंदाज घेत होती. भामामावशी खराटा टेकवून तिच्याजवळ गेल्या.  तिच्या कोपराला धरून त्यांनी तिला आवळीपासून दूर, कुंपणाच्या कडेला नेलं. तिथे डब्यांतून उरलेली सहा-सात रोपं जमिनीत लावलेली होती. मावशी खाली वाकल्या, एका रोपापाशी मातीची चिमूट उचलून जिभेला लावली, थुंकल्या आणि मान हलवली. मग बोटाने जागा दाखवली. रोपाच्या मुळाशी नव्हे, टीचभर बाजूला. सुनेने तांब्या तिरका केला.

मी हाक मारली नाही. टांगा पुलाकडे वळेपर्यंत मागे पाहत होतो. मावशी वाकलेल्याच होत्या, आणि ती पोरगी धार बारीक धरून रोपाभोवती फिरत होती.